आर्टिसन चीजच्या विक्रीत उतरण्याआधी: नवशिक्यांसाठी पायरीपायरीनं

छोट्या कारखान्यात, हाताच्या कामानं बनलेलं चीज विकायचं मनात असेल तर एक गोष्ट आधी समजून घ्या. तुमच्याकडे येणारा माल पूर्ण झालेला नसतो, तो अजून घडत असतो. सोमवारी आलेलं मऊ चीज शुक्रवारी वेगळं लागतं. त्याच कारखान्याचं पुढच्या महिन्यातलं चाक, म्हणजे चीजचा अख्खा गोल, या महिन्यातल्यासारखं असेलच असं नाही, कारण जनावरांचा चारा बदलतो, दुधातली स्निग्धता बदलते, मुरवणीच्या खोलीतली हवा बदलते. म्हणून विक्रेत्याचं खरं काम राखणीचं आहे: माल कुठल्या टप्प्यावर आहे ते ओळखायचं, तिथे तो सांभाळायचा आणि उतरणीला लागण्याआधी योग्य माणसाच्या हाती द्यायचा. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच कामाच्या आहेत. मी हे काउंटरमागे उभं राहून शिकले, आणि तिथे कुणी क्रमानं न सांगितलेल्या गोष्टी इथे क्रमानं मांडते आहे.

१. आधी दुसऱ्याच्या काउंटरमागे काम करा

दुकानाची जागा बघण्याआधी एखाद्या चांगल्या चीज विक्रेत्याकडे नोकरी धरा. पगार कमी असला तरी चालेल, पण तिथे पूर्ण चाकं आणून कापत असले पाहिजेत. आधीच कापून प्लॅस्टिकमध्ये बंद केलेले तुकडे जिथे नुसते मांडले जातात, तिथे तुम्हाला विक्री शिकता येईल, चीज नाही. सुरुवातीला धुणं, पुसणं, गुंडाळणं हीच कामं वाट्याला येतील. ती मनापासून करा. रोज शंभर तुकडे उघडून पुन्हा गुंडाळताना कुठल्या चीजला घाम येतो, कुठलं कोरडं पडतं, कुठल्याची साल चिकट होते, हे बोटांना कळायला लागतं, आणि ते ज्ञान पुस्तकातून येत नाही.

शक्य झालं तर काही दिवस एखाद्या बनवणाऱ्याकडेही घालवा. दूध विरजण्यापासून ताजं चाक मिठाच्या पाण्यात जाईपर्यंतचं काम एकदा डोळ्यांनी पाहिलं, की त्या चीजचा भाव सांगताना तुमचा आवाज कचरत नाही.

प्रमाणपत्रांचं म्हणाल तर ती उपयोगी आहेत, पण अनुभवाच्या जागी नाहीत. अमेरिकन चीज सोसायटी २०१२पासून व्यावसायिकांसाठी परीक्षा घेते आणि तिला बसायलाच कामाचा भरपूर अनुभव लागतो. ब्रिटनमधल्या अकॅडमी ऑफ चीजचे अभ्यासक्रम पायऱ्यापायऱ्यांचे आहेत आणि पहिली पायरी अगदी नवख्यालाही जमते. काम करता करता अशी एखादी पायरी चढलात तर हाताला कळलेल्या गोष्टींची कारणं समजतात.

२. चीजची कुळं बनवण्याच्या पद्धतीवरून ओळखा

नवशिके देशांच्या याद्या पाठ करतात: फ्रान्सची ही, इटलीची ती. त्यापेक्षा एकच प्रश्न विचारायची सवय लावा: यातलं पाणी किती काढलंय आणि कसं? चीज किती टिकेल, कसं कापायचं, कुठे ठेवायचं, हे बरंचसं त्या उत्तरावर ठरतं.

ताज्या चीजमध्ये निवळी, म्हणजे दूध घट्ट झाल्यावर सुटणारं पाणी, फारशी काढलेली नसते. ती नाजूक असतात, थोडे दिवस टिकतात. ब्री आणि कामाम्बेरसारखी पांढऱ्या बुरशीच्या सालीची चीजं सालीकडून आत पिकत जातात. म्हणून कापल्यावर मध्यभागी खडूसारखा पांढरा पट्टा आणि सालीखाली मऊ थर दिसतो. धुतलेल्या सालीच्या चीजांवर मिठाच्या पाण्याचा हात फिरवत राहतात, त्यामुळे नारिंगी रंगाचे, उग्र वासाचे जिवाणू वाढतात. वास दणकट असला तरी आतली चव बऱ्याचदा सौम्य आणि गोडसर असते, आणि गिऱ्हाईकाला हे सांगणं तुमचं काम आहे. निळ्या चीजांना सुयांनी भोकं पाडतात, कारण आतल्या बुरशीला वाढायला हवा लागते. रोकफोर हे याचं नावाजलेलं उदाहरण. मेंढीच्या कच्च्या दुधाचं, किमान ९० दिवस मुरवलेलं आणि १९२५पासून फ्रान्समध्ये कायद्यानं नाव राखलेलं.

कडक चीजांत दह्याचे, म्हणजे घट्ट झालेल्या दुधाचे, दाणे बारीक कापतात, तापवतात, दाबतात. कोंते किमान चार महिने मुरतं, पार्मिजानो रेज्जानो किमान बारा. पार्मिजानोच्या साधारण ४० किलोच्या एका चाकाला सुमारे ५५० लिटर दूध लागतं. “एवढं महाग का?” असं कुणी विचारलं तर हा आकडा सांगा. तो कुठल्याही वर्णनापेक्षा लवकर पटतो.

नावांच्या संरक्षणाची पद्धतही समजून घ्या. युरोपीय संघात १९९२पासून उगमस्थानाच्या नावाला संरक्षण मिळतं. त्या नावाखाली विकायचं तर दूध कुठलं, जनावर कुठलं, किती दिवस मुरवायचं, हे सगळं ठरलेलं असतं. तशाच पद्धतीनं दुसरीकडे बनलेल्या उत्तम चीजला ते नाव लावू नका. चव चांगली असली तरी पाटीवरचं खोटं नाव तुमच्या दुकानाला लागतं.

३. रोज चाखा आणि लिहून ठेवा

दुकान उघडण्याआधी, दात घासल्यावर किंवा कॉफी प्यायल्यावर लगेच नव्हे, उघडलेल्या प्रत्येक चीजचा छोटा तुकडा चाखा. क्रम सौम्यापासून उग्राकडे ठेवा: आधी ताजी, मग मऊ, मग कडक, शेवटी धुतलेल्या सालीची आणि निळी. तुकडा बोटांत चुरा, वास घ्या, मग तोंडात घोळवा. सालीजवळचा भाग आणि मधला भाग वेगवेगळा चाखा.

वहीत तारीख, चीज, चाकाची बॅच आणि दोन ओळी लिहा. शब्द साधे असू देत: लोण्यासारखं, भाजलेल्या सुक्या मेव्यासारखं, ओल्या मातीसारखं, आंबट, तुरट, कडू. काउंटरवरही हेच शब्द वापरायचे आहेत. अवघड वर्णनांनी गिऱ्हाईक बुजतं.

दोष आणि स्वभाव यांतला फरक याच सवयीतून कळतो. जुन्या गौडातले किंवा पार्मिजानोतले कुरकुरीत पांढरे कण बहुतेक टायरोसिनचे असतात. ते प्रथिनं फुटून तयार होतात आणि चांगल्या मुरवणीची खूण आहेत. चेडरच्या पृष्ठभागावर येणारी पांढरी भुकटी बऱ्याचदा कॅल्शियम लॅक्टेटची असते, तिला बुरशी समजून माल फेकू नका. मऊ चीजला अमोनियाचा हलका वास येत असेल तर ते थोडा वेळ उघडं ठेवा. वास उडाला तर माल ठीक. डोळ्यांत पाणी आणणारा वास असेल आणि जिभेला चुरचुरत असेल, तर ते विकू नका, सवलतीतही नको.

४. कापायला शिका, आणि त्याला वेळ द्या

सगळ्यांत जास्त सराव इथे हवा. कापण्याचा नियम एकच आहे: प्रत्येक तुकड्यात मधला भाग आणि साल यांचा वाटा सारखा आला पाहिजे. एका गिऱ्हाईकाला नुसता गाभा आणि दुसऱ्याला नुसती साल मिळाली तर दुसरं पुन्हा येत नाही.

छोटं गोल चीज मध्यापासून पाकळ्यांसारखं कापा. ब्रीच्या मोठ्या चाकाची लांब पाकळी काढल्यावर तिचं टोक आडवं छाटू नका. सर्वांत पिकलेला किंवा सर्वांत कच्चा भाग तिथेच असतो आणि तो सगळ्यांच्या वाट्याला यायला हवा. रोकफोरसारख्या निळ्या चीजची पाकळी खालच्या कडेच्या मध्यावरून पंख्यासारखी कापतात, म्हणजे मधली जास्त निळाई वाटली जाते. कडक चीजच्या मोठ्या चाकाचे आधी अर्धे, मग पाव, मग पाचरी करा. पाचर फार लांब असेल तर टोकाकडचे काप आडवे घ्या आणि सालीकडचा भाग उभा कापा.

पार्मिजानो कापत नाहीत, उघडतात. सालीवर सगळीकडून रेघ पाडायची, बदामाच्या आकाराच्या आखूड सुऱ्या खोवायच्या आणि चीज आपल्या दाण्यानुसार फुटू द्यायचं. खडबडीत फुटलेला तुकडा गुळगुळीत कापापेक्षा जास्त चवदार लागतो आणि गिऱ्हाईकासमोर चाक उघडलं की दुकान आपोआप गोळा होतं.

वजनाचा अंदाज डोळ्यांनी यायला हवा. सुरी ठेवून विचारा, “एवढं?” आणि मग कापा. मागितलं त्यापेक्षा सतत जास्त कापून “चालेल ना?” असं विचारणं हा जुना सापळा आहे. लोक संकोचानं हो म्हणतात आणि पुढच्या वेळी येत नाहीत.

यासाठी लागणारी हत्यारं:

– मऊ आणि निळ्या चीजसाठी तार
– कडक चाकांसाठी दोन मुठींची लांब सुरी
– पात्याला भोकं असलेली अरुंद सुरी, म्हणजे मऊ चीज चिकटत नाही
– बदामी सुऱ्यांची जोडी
– पातळ काप काढायची पट्टी, आणि तेत द म्वान (फुलांसारख्या पातळ चुण्यांत खरवडून देतात ते स्विस चीज) विकणार असाल तर त्यासाठी फिरवायचं पातं
– चाकातून नमुना काढायची पन्हाळीच्या आकाराची सळई
– प्रकारानुसार वेगळ्या रंगांच्या कापायच्या फळ्या
– टोचून मोजायचा तापमापक आणि आर्द्रतामापक

निळ्या चीजची सुरी आणि फळी कायम वेगळी ठेवा. त्या बुरशीचे बीजाणू कशावरही बसतात आणि दोन दिवसांनी तुमच्या सुंदर ब्रीवर हिरवे ठिपके दिसतात.

५. साठवण: थंडीपेक्षा कोरडेपणाची भीती बाळगा

काउंटरच्या काचेच्या फ्रिजमध्ये ४ ते ८ अंश सेल्सिअस आणि जमेल तितकी ओल, ८० ते ९० टक्के, असं धोरण ठेवा. ताजी चीजं यातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात. साध्या फ्रिजचा पंखा चीजला वाळवतो. कापलेला भाग पंख्याच्या झोतात येत असेल तर संध्याकाळपर्यंत कडा पिवळट आणि चिरलेल्या दिसतात. यंत्र घेताना विक्रेत्याला आधी आर्द्रतेबद्दल विचारा, दिव्यांच्या रंगाबद्दल नंतर.

गुंडाळण्यासाठी चीजचा दोन थरांचा कागद वापरा. तो ओल धरून ठेवतो, पण चीजला श्वास घेऊ देतो. काउंटरवर कापलेल्या भागाला पातळ प्लॅस्टिक लावणं अनेक दुकानांत अटळ असतं, पण ते रोज बदला. प्लॅस्टिकचा वास आणि चव स्निग्ध पृष्ठभाग पटकन उचलतो, म्हणून चव दाखवण्याआधी आणि तुकडा देण्याआधी सुरीच्या पाठीनं तो पातळ थर खरवडून टाका. गिऱ्हाईक जे चाखतं तेच त्यानं घरी न्यायला हवं.

मऊ चीजांची पूर्ण चाकं अधूनमधून उलटा, म्हणजे ओल एका बाजूला बसत नाही. कापडात बांधलेल्या चेडरवर चीजचे सूक्ष्म किडे येऊ शकतात. ते ब्रशनं झाडा आणि ती चाकं इतरांपासून लांब ठेवा. कडक चीजवर परकी बुरशी आली तर भोवतीचा साधारण अडीच सेंटिमीटर भाग कापून बाकीचं वापरता येतं. ताज्या किंवा मऊ चीजवर आली तर पूर्ण टाकून द्या, कारण ओलसर गाभ्यात ती किती खोल गेली ते दिसत नाही.

६. घट मोजा, मग भाव लावा

चांगलं चीज विकणारी दुकानं बंद पडतात ती बहुतेकदा इथे. हिशेब अवघड नाही, फक्त तो पूर्ण करावा लागतो.

समजा ८ किलोचं चाक किलोला १०० या भावानं आलं, चलन कुठलंही असो. खर्च झाला ८००. आता यातून वाळून गेलेलं वजन, खरवडलेले थर, विकता न येणारी साल, चव दाखवलेले तुकडे आणि शेवटी उरलेला वेडावाकडा भाग वजा करा. ही घट १० टक्के धरली तर विकायला ७.२ किलो उरतं. म्हणजे खरी खरेदी किंमत किलोला १०० नाही, सुमारे १११ आहे.

तुम्हाला विक्रीच्या रकमेवर ४० टक्के मिळायला हवेत, तर १११ला ०.६नं भागा. भाव येतो सुमारे १८५. नवखा माणूस काय करतो? १००वर ४० चढवून १४० लावतो. ७.२ किलो विकून त्याच्या गल्ल्यात १,००८ येतात, त्यातले ८०० खरेदीचे. हाती राहिले २०८, म्हणजे विक्रीच्या जेमतेम २१ टक्के. यातून भाडं, वीज, कागद आणि पगार भागत नाहीत, आणि गर्दी असूनही पैसा कुठे जातो हे कळत नाही.

खरेदीवर चढवलेला टक्का आणि विक्रीवर उरणारा टक्का या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ठोक व्यापाऱ्याशी बोलताना तो कुठला टक्का सांगतोय ते विचारून घ्या.

मी वर धरलेले १० टक्के नुसते उदाहरणासाठी आहेत. तुमचा आकडा तुम्हीच काढायचा. प्रत्येक नव्या चाकाचं आल्या दिवशी वजन करा, विकलेल्या वजनाची बेरीज ठेवा, फरक लिहा. ताज्या चीजांत वाळून कमी जातं, पण मुदत संपून पूर्ण नग जातो. मोठ्या कडक चाकांत घट संथ असते, पण पैसे जास्त दिवस अडकून पडतात. दोन्हींचा भाव एकाच टक्क्यानं लावणं मला कधीच पटलेलं नाही.

७. थोडंच ठेवा, पण संपवा

पहिल्या दिवशी काउंटर भरगच्च दिसावा असा मोह होतो. पंधरा-वीस प्रकार पुरेत, प्रत्येक कुळातले दोन-तीन. अर्धं चाक मिळत असेल तर पूर्ण घेऊ नका. ठोक व्यापाऱ्याला विचारायचे प्रश्न हे: आठवड्यातून किती वेळा माल येतो, वाहतुकीत तापमान कोण मोजतं, आलेलं चाक आतून खराब निघालं तर परतफेड कशी होते. तिसऱ्याचं उत्तर लेखी घ्या.

काही चीजं हंगामी असतात. फ्रान्सचं मों दोर साधारण सप्टेंबर ते मे एवढ्याच काळात विकलं जातं. ते नसताना त्याच्यासारखं काहीतरी शोधत बसण्यापेक्षा त्या दिवशी दुकानात जे उत्तम पिकलेलं आहे ते पुढे करा.

८. कागदपत्रं

नियम ठिकाणानुसार बदलतात. जागेचा करार करण्याआधी तिथल्या अन्नसुरक्षा कार्यालयात स्वतः जा आणि “उघडं चीज कापून, वजन करून विकायचं आहे” असं नेमकं सांगा. नुसतं “किराणा दुकान” सांगितलं तर परवाना वेगळा मिळतो आणि नंतर पुन्हा खेटे घालावे लागतात. साधारण ही फाइल तयार ठेवा:

– अन्नव्यवसायाची नोंदणी किंवा परवाना
– अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाचं प्रशिक्षण प्रमाणपत्र, जिथे लागतं तिथे
– वजनकाट्याच्या पडताळणीचा दाखला
– खरेदीची बिलं, आणि आयात माल असेल तर त्याची कागदपत्रं
– प्रत्येक चाकाची नोंद: बनवणारा, बॅच, दुधाचं जनावर, दूध कच्चं की पाश्चरीकृत, रेनेट (दूध घट्ट करायला घालतात तो पदार्थ) कुठलं
– फ्रिजच्या तापमानाची रोजची वही आणि सफाईचं वेळापत्रक
– ॲलर्जीची यादी. दूध तर असतंच, पण ग्राना पादानोसारख्या काही चीजांत अंड्यापासून मिळणारं लायसोझाइम वापरतात, ते लोकांच्या ध्यानात येत नाही.

बॅचची नोंद कंटाळवाणी वाटते. एखाद्या कारखान्यानं माल परत मागवला की तीच वही तुम्हाला वाचवते: कुठला तुकडा कुठल्या चाकाचा, हे दहा मिनिटांत सांगता यायला हवं.

कच्च्या दुधाच्या चीजबद्दलचे कायदे देशागणिक फार वेगळे आहेत. अमेरिकेत ते विकण्यासाठी किमान ६० दिवस मुरवलेलं असावं लागतं. इतरत्र नियम निराळे. ऐकीव माहितीवर ऑर्डर देऊ नका.

९. गिऱ्हाईकाशी बोलणं

“कुठलं चीज हवंय?” या प्रश्नानं बहुतेक लोक गोंधळतात. “कशासाठी हवंय, कधी खाणार, किती जण?” असं विचारा. आज रात्री खाणाऱ्याला पूर्ण पिकलेलं द्या, चार दिवसांनी खाणाऱ्याला थोडं कच्चं. चव दाखवताना तीनपेक्षा जास्त तुकडे पुढे करू नका, जीभ थकते आणि निर्णय लांबतो. चव दाखवून काहीच न घेणाऱ्याला तोंड वाकडं करू नका. तो खर्च वरच्या घटीत आधीच धरलेला आहे.

तीन प्रश्नांची उत्तरं मात्र अचूकच द्यावी लागतात.

पहिला, शाकाहारी आहे का? पारंपरिक रेनेट वासराच्या पोटातून मिळतं. पार्मिजानोत तेच लागतं, त्यामुळे ते शाकाहारी नाही. काही चीजांत सूक्ष्मजीवांपासूनचं रेनेट असतं, आणि स्पेन-पोर्तुगालच्या काही मेंढीच्या चीजांत काटेरी वनस्पतीच्या फुलांचं. अंदाजानं “हो” म्हणू नका, नोंदवहीत बघा.

दुसरा, गरोदरपणात चालेल का? लिस्टेरिया हा जिवाणू फ्रिजच्या थंडीतही वाढतो. मऊ, ओलसर आणि कच्च्या दुधाच्या चीजांत त्याचा धोका जास्त, आणि गर्भवती, वृद्ध, प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना तो गंभीर ठरू शकतो. अशा गिऱ्हाईकाला मऊ आणि कच्च्या दुधाचं चीज देऊ नका, ते का हे सांगा आणि डॉक्टरांना विचारायला सांगा. विक्री गेली तरी चालेल.

तिसरा, दूध पचत नाही, मग? लॅक्टोज बरंचसं निवळीबरोबर निघून जातं आणि उरलेलं जिवाणू संपवतात, म्हणून दीर्घ मुरलेल्या कडक चीजमध्ये ते नगण्य असतं. ताज्यात मात्र असतं. दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी ही वेगळी गोष्ट आहे, तिथे कुठलंच चीज चालत नाही. दोन्हींपैकी काय आहे ते विचारून घ्या.

१०. दिवस संपताना

दुकान बंद करण्याआधी प्रत्येक कापलेला भाग बघा आणि उद्या कुठलं चीज आधी पुढे करायचं ते पाटीवर लिहा. सकाळी येणाऱ्या सहकाऱ्याला ते शोधावं लागू नये. कडक चीजचे उरलेले छोटे तुकडे किसून, मिश्रणातल्या प्रत्येक चीजचं नाव आणि किसल्याची तारीख लिहून विका. पार्मिजानोची स्वच्छ साल वेगळी बांधा, सूप शिजवताना घालायला ती लोक आनंदानं नेतात. निळ्याचे आणि धुतलेल्या सालीचे तुकडे या मिश्रणात कधीही घालू नका, ते वेगळ्या पाकिटात जातात. मुदत संपलेल्या मालाचं वजन करून ते घटीच्या वहीत लिहा आणि मगच टाका.